सात प्रश्नांची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. एका इस्पितळाच्या अपघात विभागात, दारातून आत आल्यावर डाव्या हाताला जी भिंत लागते, तिच्यावर मी गेली छत्तीस वर्षं टांगलेली आहे. माझ्या एका अंगाला हात धुण्याचं बेसिन, दुसऱ्या अंगाला घड्याळ आणि समोर एक लांब लाकडी बाक. त्या बाकावर ज्यांना बसवतात त्या सगळ्यांची तक्रार एकच असते, डोक्याला लागलंय. कुणी कपाटाच्या उघड्या दारावर आपटलेलं असतं, कुणी न्हाणीघरात घसरलेलं, कुणी धाकट्या भावाने फेकलेल्या चेंडूच्या वाटेत आलेलं. टेंगळं तर मी इतकी पाहिली आहेत, की लिंबाएवढं कुठलं आणि अक्रोडाएवढं कुठलं हे मी दारापासूनच ओळखते.

माझं काम एकच. यांच्यापैकी कुणाच्या मेंदूचा स्कॅन करायचा आणि कुणाचा नाही, हे ठरवताना डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असायचं. ऐकायला लहान वाटतं ना? मलाही पहिले काही महिने तसंच वाटायचं.

जन्माने मी पाटी नव्हतेच. मी औषधाच्या एका कपाटाची झडप होते, सागवानी, दोन हात लांब आणि दीड हात रुंद. दिवसभर उघडायचं, मिटायचं, आणि बिजागरीतून कुरकुर करायची, एवढंच माझं आयुष्य. मी पाटी झाले ती एका भांडणामुळे. ते भांडण माझ्यासमोरच झालं, म्हणून सगळं नीट लक्षात आहे.

त्या काळी इस्पितळात मेंदूचा फोटो काढणारं नवं यंत्र आलं होतं. खालच्या मजल्यावर त्याला वेगळी खोली दिली होती. यंत्र एक, ते चालवणारा तंत्रज्ञ एक, आणि डोकी मात्र रोज वीस-पंचवीस. कुणाला खाली पाठवायचं याला काही धरबंध नव्हता. सकाळचे डॉक्टर भित्रे होते, ते सरसकट सगळ्यांना पाठवायचे. दुपारच्या डॉक्टरांना यंत्राचं कौतुक नव्हतं, ते कुणालाच पाठवत नसत. डॉक्टर बदलला की डोक्याचं नशीब बदलायचं. अकरा वाजता आपटलेल्याचा फोटो निघायचा आणि तीन वाजता तसंच आपटलेल्याला "जा घरी, झोपा" असं सांगितलं जायचं. मग एका सकाळी खालच्या रांगेत पाच साधी टेंगळं पुढे बसली आणि ज्याला खरी गरज होती तो सहावा, एक गवंडी, मागे ताटकळत राहिला. तो वाचला, पण अगदी थोडक्यात.

त्या दिवशी मोठ्या सिस्टर थोरल्या डॉक्टरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या सिस्टर उंचीने जेमतेम साडेचार फूट होत्या, पण त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

"सर, हे असं किती दिवस चालायचं?"

"सिस्टर, नियम आहेत की," थोरले डॉक्टर म्हणाले. "ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी हजारो पेशंट तपासून बसवलेले नियम आहेत. सगळं पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे, आणि पुस्तक कपाटात आहे. पेशंट बाकावर बसलाय."

थोरले डॉक्टर हसले. त्यांनी उठून माझंच कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. सिस्टरांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून त्यांनी मला बिजागरीतून सोडवलं. ते कपाट तेव्हापासून उघडंच आहे, बिचारं.

पुढचे दोन महिने ते दोघं दुपारच्या चहाच्या वेळी समोरासमोर बसायचे. पुस्तकातला एकेक नियम डॉक्टर वाचायचे आणि सिस्टर तो बाकावरच्या माणसाला कळेल अशा भाषेत आणायच्या. "स्मृतिभ्रंश" म्हटलं की त्या म्हणायच्या, "माणसाला विचारा, आपटायच्या आधी काय करत होतात ते आठवतं का." असं करत करत सात प्रश्न ठरले. माणूस पुरता शुद्धीवर आहे का, धड उत्तरं देतो का? आपटण्याच्या आधीचं आठवतं का? एकाहून जास्त वेळा उलटी झाली का? आकडी आली का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी येतंय का, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं झालंय का? आणि शेवटचा, पडला कसा, उंचावरून की वाहनाच्या धडकेने? एकही उत्तर काळजीचं आलं, की फोटो काढायचा. सातही उत्तरं चांगली आली, तर चार तास बाकावर बसवून नजर ठेवायची आणि मग सूचनांचा कागद हातात देऊन घरी पाठवायचं. तळाशी एक ओळ होती, वय पासष्टच्या पुढे असेल तर विचार करत बसू नका, फोटो काढा.

माझ्यावर अक्षरं काढली ती एका पेंटरने. हा पेंटर शिडीवरून पाय निसटून पडला होता आणि त्याच्या भुवईवर सिस्टरांनीच पाच टाके घातले होते. टाके काढायला आला तेव्हा त्यांनी त्याला माझ्यासमोर उभं केलं. त्याने मला आधी पांढरा हात दिला, मग निळ्या रंगात ओळी काढल्या. अक्षर मोत्यासारखं, पण ओळींच्या आधी एक, दोन, तीन असे आकडे घालायचे विसरला.

"आकडे कुठायत?" सिस्टरांनी विचारलं.

"राहिले. घालतो की."

"कुठे घालणार? जागा तर काही ठेवली नाहीस. डोक्यावर पडल्यापासून असा झालास की आधीपासूनच?"

"आधीपासूनच," पेंटर गंभीरपणे म्हणाला. "आई सांगेल."

तर आकडे राहिले ते राहिलेच. हे मी मुद्दाम सांगते आहे, मित्रांनो, कारण पुढे त्याने घोळ झाला.

माझ्या पाठीवरही लिहिलेलं आहे. मोठ्यांचे नियम लहान मुलांना लावायचे नसतात, म्हणून मुलांचे प्रश्न वेगळे आणि ते माझ्या मागच्या अंगाला. लहान मूल आलं, की मला साखळीवर फिरवतात. माझ्या पाठीवर पेंटरने आपणहून एक फुगाही काढला आहे. सिस्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, पण पुसायला सांगितलं नाही.

एकदा एक वकील आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ती झोपाळ्यावरून घसरून पडली होती. कपाळावर टेंगूळ होतं, पण पोरगी बडबडत होती, बाकावर पाय हलवत होती आणि फुग्याचा रंग कुठला यावरून माझ्याशीच वाद घालत होती. माझ्या पाठीवरचे सगळे प्रश्न विचारून झाले. सगळी उत्तरं चांगली आली. तरी वकीलसाहेब हटेनात.

"यंत्र आहे ना तुमच्याकडे? मग करा स्कॅन. कशाला उगाच वाट बघायची?"

"यंत्र आहे म्हणून करायचं म्हटलं, तर शस्त्रक्रियेचं टेबलही आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "त्यावर झोपवू का?"

मग सिस्टर वकीलसाहेबांच्या शेजारी बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या यंत्राचे किरण असतात हो. मोठ्या माणसाला एकदा घेतले तर फारसं बिघडत नाही, पण वाढत्या वयाच्या पोरीला विनाकारण कशाला? गरज असती तर तुम्ही नाही म्हणालात तरी मी उचलून नेली असती. चार तास इथे बसा. मी बघते तिच्याकडे."

आणि त्यांनी बघितलं. दर अर्ध्या तासाने येऊन तिला नाव विचारलं, डोळ्यांत बॅटरी मारली, चालायला लावलं. तिसऱ्या वेळी पोरगी बापाला म्हणाली, "या आजी माझं नाव सारखं सारखं विसरतात." चार तासांनी ती उड्या मारत घरी गेली. तिच्या मेंदूला एकही किरण लागला नाही, आणि त्याच वेळात खालच्या यंत्राखाली एक मोटारसायकलवाला गेला, ज्याला ते खरंच हवं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की "नको" म्हणणं हीसुद्धा वैद्यकी आहे. तेव्हापासून मी भिंतीवर जरा ताठ राहते.

मोठ्या सिस्टरांनी एक शिस्त घालून दिली होती. प्रश्न माझ्याकडे बघूनच विचारायचे, मोठ्याने विचारायचे, आणि विचारताना त्या ओळीवर बोट ठेवायचं. शिवाय प्रत्येक प्रश्न दोनदा, एकदा पेशंटला आणि एकदा त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला. नव्या डॉक्टरांना याचा फार कंटाळा यायचा. "सिस्टर, पाठ झालंय मला," ते म्हणायचे. "पाठ झालेलंच आधी विसरायला होतं," सिस्टर म्हणायच्या, आणि त्यांचं बोट धरून माझ्यावर टेकवायच्या. त्या बोटांनी माझ्या डाव्या कडेचा रंग गुळगुळीत झाला. लोक देवळाची पायरी झिजवतात, तशी माझी कड डॉक्टरांनी झिजवली. दुसऱ्या इस्पितळांतून माणसं मला बघायला यायची, माझा फोटो काढून न्यायची. असे सुखाचे दिवस मी वीस वर्षं पाहिले.

मग थोरले डॉक्टर गेले. त्यानंतर दोन वर्षांनी मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसलं, मागून-पुढून, आणि बाहेर पडल्या.

त्यानंतर हळूहळू माझ्याकडे बघायची सवय मोडत गेली. जुन्या नर्सना सगळं तोंडपाठ होतं, त्या वर न बघताच विचारायच्या. बोट ठेवणं तर कधीच सुटलं. माझा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे चिकटपट्टी छान बसते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि मग काय विचारता. सुट्ट्यांचा तक्ता, "छत्री कुणाची राहिली आहे" अशी चिठ्ठी, बंद पडलेल्या पंख्याची तक्रार, सगळं माझ्या अंगावर. बहुतेक कागद तळाच्या मोकळ्या जागेत असायचे म्हणून मी चालवून घेत होते. म्हातारपणी माणूस चालवून घेतोच.

मग एक नवीन डॉक्टरबाई रुजू झाल्या. वय सव्वीस-सत्तावीस, माझ्याच वयाच्या म्हणा. हुशार होत्या, हात हलका होता, आणि विशेष म्हणजे त्या माझ्याकडे बघून प्रश्न विचारायच्या. मला फार बरं वाटलं. पण पहिल्याच सकाळी, मला एकदाही वाचायच्या आधी, त्यांनी इस्पितळातल्या निरनिराळ्या खोल्यांचे फोन नंबर एका लांबट कागदाच्या पट्टीवर लिहिले आणि घाईघाईत ती पट्टी माझ्यावर चिकटवली, बरोबर मध्ये. पाचवी ओळ त्या पट्टीखाली पुरती झाकली गेली.

आता बघा कसं झालं. जुन्यांना सगळं पाठ, त्यामुळे ओळ झाकली आहे हे त्यांना दिसलंच नाही. नवीला पाठ नव्हतं, त्यामुळे तिला ओळ आहे हेच कळलं नाही. आकडे असते तर चारनंतर सहा बघून ती थबकली असती. आठ दिवस मी त्या पट्टीखाली गुदमरत होते. ओरडता येत नाही, खाली पडायचं म्हटलं तर साखळी पक्की.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक बेकरीवाले काका आले. भट्टीच्या लोखंडी दारावर डोकं आपटलं होतं. वय अठ्ठावन्न. गोल चेहरा, हाताच्या केसांत अजून पीठ. बरोबर बायको होती, बारीक आणि गप्प, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. काकांच्या डोक्यावर नुसतं टेंगूळ होतं, साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

"दाराला काही झालं नाही ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं, कारण काका स्वतःच हसत होते.

"दाराला पोचा आलाय," काका म्हणाले. "आमच्या घराण्यात डोकं फार टणक. हिला विचारा."

"टणक म्हणजे काय, आत काही शिरतच नाही," काकू खाली बघत म्हणाल्या.

डॉक्टरबाई माझ्याकडे बघून एकेक प्रश्न विचारू लागल्या. शुद्ध चांगली होती. आपटायच्या आधीचं सगळं आठवत होतं, कुठल्या पोऱ्याने कुठला ट्रे वाकडा ठेवला इथपर्यंत. उलटी नाही. आकडी नाही. मग त्यांची नजर पट्टीवरून घसरून थेट खालच्या ओळीवर गेली. कान, नाक, डोळे स्वच्छ. उंचावरून पडले नाहीत. वय पासष्टच्या आत.

"सगळं ठीक आहे, काका. चार तास इथे बसा, मग घरी."

"चार तास?" काकांचा चेहरा उतरला. "बाई, पीठ मळून ठेवलंय. दोन तासांत भट्टीत गेलं नाही तर आंबून जाईल. दोनशे पाव आहेत. आणि इथे बसून काय करणार, घरी बसतो की. ही आहे ना लक्ष ठेवायला."

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आतल्या खोलीत हात मोडलेला एक मुलगा रडत होता, दारात आणखी तिघं उभे होते. त्यांनी सुस्कारा सोडला आणि सूचनांचा कागद काढला. काकूंना समजावून सांगू लागल्या, डोकं फार दुखलं, ओकारी आली, झोप आवरेनाशी झाली, तर लगेच परत या. काका उठले. टोपी घातली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या लाकडाची रेषान् रेषा ताणली गेली. एक प्रश्न राहिला होता. तो माझ्यापाशी होता, आणि माणूस दाराकडे निघाला होता.

बाकाखाली सफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या. या मावशी मोठ्या सिस्टरांच्याही आधीपासूनच्या. त्यांनी आयुष्यात मला कधी वाचलं नाही, कारण चष्मा त्या फक्त लग्नकार्याला घालतात. पण वीस वर्षं, रोज पंचवीस वेळा, मोठ्या आवाजात म्हटलेले ते सात प्रश्न फरशी पुसता पुसता त्यांच्या कानांवर पडले होते. पोरं पाढे म्हणतात तसे ते त्यांच्या डोक्यात बसले होते. त्या फडकं पिळता पिळता थांबल्या आणि डाव्या हाताची बोटं मोजू लागल्या.

"डॉक्टरबाई," त्या म्हणाल्या, "सहाच झाले."

"काय सहा, मावशी?"

"प्रश्न. सात असतात. तुम्ही सहा विचारले."

"मावशी, मी बघून विचारलेत. पाटीवर आहेत तेवढे सगळे."

"असतील. पण सात असतात." मावशींनी ओलं बोट वर केलं. "शुद्ध, आठवण, उलटी, आकडी, गोळी, कान-नाक, पडला कसा. तुमची गोळी राहिली. आकडीनंतर गोळी येते, मग कान-नाक."

काका दारातच थबकले. "वा, मावशी, तुम्हीच लिहा की केसपेपर," ते म्हणाले.

"मी लिहिलं तर तुम्हाला वाचता यायचं नाही. बसा खाली."

डॉक्टरबाई माझ्याजवळ आल्या. आकडीच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि खाली सरकवलं. बोटाखाली आली ती त्यांच्याच अक्षरातली फोन नंबरांची पट्टी. मग त्यांनी पट्टीचं टोक नखाने उचललं आणि सर्रकन ओढलं. पट्टीबरोबर माझा रंगही निघाला, पाचव्या ओळीतली निम्मी अक्षरं कागदाला चिकटून गेली. दुखलं म्हणावं तर खोटं ठरेल. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

उरलेल्या अक्षरांवरून त्यांनी प्रश्न जुळवला. "काका, रक्त पातळ करणारी गोळी घेता का?"

"छे हो. मी कसला गोळ्या खातोय? मला काही आजारच नाही."

त्या तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी कुणी दोष दिला नसता. पण मावशी ओल्या फडक्यासह तिथेच उभ्या होत्या. "बरोबरच्या माणसालाही विचारायचं असतं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पर्स आणखी घट्ट धरली.

"अहो, ती एक असते ना," त्या हळूच म्हणाल्या. "रात्री जेवल्यावर देते ती."

"अगं, ती हृदयाची," काका म्हणाले. "ठोके नीट पडावेत म्हणून. तिचा डोक्याशी काय संबंध?"

"दाखवा बरं."

काकूंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं. चष्म्याच्या जागी गोळ्यांची पाकिटं, रबर लावून नीट ठेवलेली. डॉक्टरबाईंनी एक पाकीट उजेडात धरून नाव वाचलं.

"काका," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अगदी शांत होता, "ही गोळी ठोक्यांसाठीच आहे, पण ती रक्त पातळ ठेवते. आत थोडं जरी रक्त यायला लागलं, तरी ते आपोआप थांबणार नाही. आपल्याला आत्ताच खाली जायचंय."

"आणि पीठ?"

"पीठ आंबू दे," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्या मोठ्याने बोलल्या ते एवढंच.

खाली काय झालं ते मी पाहिलं नाही. पण फोन माझ्या जवळच असतो. वीस मिनिटांनी तो वाजला. पलीकडून तंत्रज्ञ बोलत होता आणि डॉक्टरबाई "हो, हो" एवढंच म्हणत होत्या. मग त्यांनी फोन ठेवला आणि नर्सला सांगितलं, की कवटीच्या आत कडेला रक्ताची बारीक रेघ दिसतेय. अगदी नवी आहे. बारीक आहे तोवर औषधाने थांबवता येईल. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर बारीक राहिली नसती. त्या गोळीचा असर उतरवणारं औषध लगेच सुरू झालं. काकांना वरच्या मजल्यावर हलवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो काढला, रेघ वाढली नव्हती. कवटी उघडावी लागली नाही.

त्या संध्याकाळी कामाची पाळी संपल्यावर डॉक्टरबाई घरी गेल्या नाहीत. त्या माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या, जिथे पेशंट बसतात तिथे. मावशी बादली घेऊन निघाल्या होत्या.

"मावशी, तुम्ही बोलला नसतात तर?"

"बोलले ना पण," मावशी म्हणाल्या. "आता ते धरून बसू नका. त्या पाटीची ओळ तेवढी नीट करा. मला काय रोज मोजत बसायला वेळ आहे?"

डॉक्टरबाईंनी ती ओळ स्वतः रंगवली. त्यांनी निळा रंग आणि बारीक ब्रश आणला, पण पेंटरचा हात कुठून आणणार? पाचवी ओळ थोडी वर चढते, मग खाली उतरते, आणि "गोळी"ची वेलांटी ओळीबाहेर गेली आहे. तिच्याखाली त्यांनी अधिक बारीक अक्षरात आणखी एक वाक्य जोडलं, "हृदयासाठी असली तरी विचारा, पाकीट बघा." मग ओळींच्या आधी जिथे जागाच नव्हती तिथे, अगदी कडेला, एक ते सात आकडे दाटीवाटीने बसवले.

डोकं आपटल्यापासून बाराव्या दिवशी काका आले. डोकं साबूत, जीभ तर त्याहून. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतलं. पाचव्या ओळीपाशी थांबून म्हणाले, "ही कुणी लिहिली? हात थरथरत होता वाटतं."

"होता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकांनी टोपी काढली आणि पुढची ओळ वाचली.

आता मी म्हातारी झाले आहे. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे, एका कोपऱ्याला वाळवी लागून गेली आहे. पण माझ्या अंगावर आता एकही कागद नाही. त्या डॉक्टरबाई आता इथल्या प्रमुख आहेत आणि कुणी चिकटपट्टी घेऊन माझ्याकडे वळलं, की त्या फक्त घसा खाकरतात. सुट्ट्यांचा तक्ता बेसिनच्या वर गेला आहे. बोट ठेवून, मोठ्याने, दोनदा विचारायची शिस्त परत आली आहे. नवे डॉक्टर पूर्वीसारखेच कंटाळतात, म्हणजे सगळं ठीक चाललं आहे.

माझ्यावर सहा ओळी सुरेख आहेत आणि एक वाकडी आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, ही एक अशी का? मला त्या सहांचा अभिमान आहेच, पण कुणी माझा फोटो काढायला आलं, तर वाकडी ओळ नीट दिसावी म्हणून मी जीव टाकते.

म्हणून, मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. डोक्याला लागलं तर दवाखान्यात जा, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर द्या, तो कितीही फालतू वाटला तरी. घरात कोण कुठली गोळी घेतं, ते माहीत करून घ्या. स्कॅन नको असं डॉक्टरांनी नीट विचारपूस करून सांगितलं, तर रुसू नका, बाकावर बसा, पाय हलवा, तेवढ्यात कुणाचा तरी नंबर खाली लागतो. आणि जिथे कुठे एखादी जुनी पाटी दिसेल, तिच्यावर काही चिकटवण्याआधी ती एकदा पूर्ण वाचा. आपण झाकतोय ती ओळ कुणाची आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

चला, दार उघडलं. कुणीतरी कपाळाला रुमाल धरून आलंय. डॉक्टरबाईंचं बोट पहिल्या ओळीवर आलं आहे, आणि मला आता कामाला लागायचं आहे.